पाणी निळे दिसते, पण क्लोरीन किती?

जयंतीचा महिना सरत येतो, परीक्षा संपतात आणि घरोघरी मुलांचा एकच हट्ट सुरू होतो: पोहायला जायचे. गावाकडे पूर्वी या हट्टाची सोय विहीर करीत असे. पाठीला भोपळा किंवा तेलाचा रिकामा डबा बांधून मामाने वरून ढकलून दिले की पोरगे आठ-दहा दिवसांत हातपाय मारायला शिके. अर्थात ज्यांना विहिरीत उतरू दिले जाई, त्यांचे. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा नदीच्या डोहात पोहायला शिकले, आणि विहिरीत का नाही शिकले, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आता विहिरी आटल्या, बोअर खोल गेले आणि पोहणे जलतरण तलावावर आले. पालिकेचा तलाव, एखाद्या शाळेचा तलाव, शिर्डीच्या बाजूचे वॉटर पार्क, हायवेलगतची कृषी पर्यटन केंद्रे. आपली मुले तिथे जातात याचा आम्हाला आनंदच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात दर उन्हाळ्यात शेततळ्यात आणि कालव्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की धरायला काहीच नसते; पोहता येणारा मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. मुलाने पोहायला शिकावे आणि ते जीवरक्षक असलेल्या तलावावर शिकावे, असेच आमचे मत आहे. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते वाचून कोणी मुलांना तलावावर पाठवणे बंद करू नये. तिथे पैसे भरतो, तर काय विचारायचे ते कळावे, एवढ्यासाठी हा लेख.

तिकीट काढताना आईबाप काय पाहतात? पाणी निळे आहे का ते पाहतात. क्लोरीनचा वास येतो का ते पाहतात, आला तर म्हणतात, "चला, औषध टाकलेले दिसते." दोन्ही खुणा फसव्या आहेत.

निळा रंग बहुतेक वेळा तळाच्या फरशीचा असतो. कधी तो मोरचुदाचाही असतो. मोरचूद शेवाळ मारते. जुलाबाच्या जंतूंसाठी तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ होते, पण नितळ पाण्यातही जंतू असू शकतात. आपल्या आयांनी पावसाळ्यात माठात तुरटी फिरवली, ती गढूळपणा घालवायला. जंतूंसाठी पाणी उकळावेच लागे. एक मात्र खरे की गढूळ तलावात मुळीच उतरू नये. त्याचे कारण जंतूंहून मोठे आहे. खोल भागाच्या तळाशी असलेली जाळी काठावर उभे राहून स्पष्ट दिसत नसेल, तर तळाशी गेलेले मूलही जीवरक्षकाला दिसणार नाही.

आता वासाचे. डोळे चुरचुरतील, नाक झोंबेल असा जो उग्र वास तलावावर येतो, तो जास्त क्लोरीनचा असतो असे सगळे समजतात. बहुतेक वेळा तो क्लोरामाईन या संयुगांचा असतो. घाम, लघवी, अंगाचे तेल, पावडर हे पाण्यातल्या क्लोरीनशी मिळाले की ही संयुगे तयार होतात. म्हणजे उग्र वास सांगतो की क्लोरीन घाणीशी झुंजण्यात खर्ची पडले आहे आणि जंतू मारायला थोडेच उरले आहे. व्यवस्थित राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. मुलांचे डोळे लाल झाले की आपण क्लोरीनला दोष देतो. खरा दोष तलावात लघवी करणाऱ्यांचा आणि आंघोळ न करता उतरणाऱ्यांचा असतो.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. तलावाच्या दारावर "आंघोळ करूनच पाण्यात उतरावे" अशी पाटी असते. आपल्यातील काही जुन्या मंडळींना ती पाटी खटकते. पाण्यापाशी गेल्यावर "आधी स्वच्छ होऊन या" हे शब्द ज्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकले, त्यांना ती खटकणारच. पण ही पाटी जातीची नाही. साबण लावून एक मिनिट शॉवरखाली उभे राहिले तरी अंगावरचे बरेच तेल आणि घाम निघून जातो आणि तेवढे क्लोरीन वाचते. ती पाटी डॉक्टरला, वकिलाला, आमदाराच्या मुलाला आणि आपल्या मुलाला सारखीच लागू आहे. सारखी लागू होत नसेल, तर मात्र भांडायलाच हवे.

पाणी 'शुद्ध' करण्याच्या नावाखाली काय काय झाले, ते आपण विसरलेलो नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून त्याची 'शुद्धी' केली. पाण्याचे काम जाणणाऱ्या आजच्या कोणालाही विचारा. तो सांगेल की शेण-दुधाने पाण्यात जंतूंचे खाद्य वाढते आणि असे पाणी निर्जंतुक करायला उलट जास्त क्लोरीन लागते. म्हणजे ज्याला शुद्धी म्हटले, तिने पाणी घाणच झाले.

सातासमुद्रापलीकडेही असेच घडले, आणि तिथे तर तलावाचेच रसायन वापरले गेले. १८ जून १९६४ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, सेंट ऑगस्टीन शहरातील मॉन्सन मोटर लॉजच्या गोऱ्यांसाठी राखीव तलावात काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र उतरले. त्यांना बाहेर काढण्यासाठी लॉजचा व्यवस्थापक जेम्स ब्रॉक याने पाण्यात म्युरिअॅटिक अॅसिड ओतले. म्हणजे हायड्रोक्लोरिक अॅसिड, फरशी घासायला वापरतात ते. त्याचे छायाचित्र जगभर छापून आले. क्लोरीन असो की अॅसिड, रसायनाला माणसाची जात कळत नाही आणि रंगही कळत नाही. ती कळते ते ओतणाऱ्याच्या डोक्याला. म्हणून आम्हाला वाटते की पाण्याची स्वच्छता कोणाच्या समजुतीवर सोडू नये. ती आकड्यात मोजावी आणि तो आकडा सर्वांना दिसेल असा लिहावा.

आकडे दोनच आहेत. पहिला मुक्त क्लोरीनचा. तलावाच्या पाण्यात दर लिटरला निदान १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन सतत असायला हवे. तेवढे असेल तर जुलाबाचे बरेचसे जंतू मिनिटभरात मरतात. काविळीचा 'अ' प्रकारचा विषाणू साधारण पाऊण तासाच्या आत, बहुधा पंधरा-सोळा मिनिटांत जातो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी मात्र एवढ्या क्लोरीनमध्येही दहा दिवस तग धरतो. जुलाब होत असलेले एकच मूल पाण्यात उतरले, तर मागून औषध टाकून फारसा उपयोग होत नाही तो यामुळे. जुलाब असताना मुलाला तलावावर पाठवू नये. फीचे पैसे वाया गेले तर जाऊ द्यावेत.

दुसरा आकडा पीएचचा, आणि आपल्या जिल्ह्यात गाडी इथेच अडते. पीएच म्हणजे पाणी आम्लाकडे झुकले आहे की क्षाराकडे, याचे माप. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. पाण्यातल्या क्लोरीनचा जो भाग जंतू झपाट्याने मारतो, तो पीएचवर ठरतो. पीएच ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन कामाचे असते, ७.५ ला निम्मे, ८ ला पाव आणि ८.५ ला जेमतेम एक दशांश. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोअरचे पाणी जड. बादलीवर आणि गिझरच्या कॉईलवर जो पांढरा थर बसतो, तो आपण रोज पाहतो. त्यात टीसीएल पावडर किंवा हायपो टाकले की पीएच आणखी चढतो, कारण दोन्ही क्षारधर्मी आहेत. म्हणजे तलावाचा माणूस प्रामाणिकपणे पोत्यावर पोते ओततो आहे, पाण्यात क्लोरीन भरपूर आहे आणि तरीही ते निम्म्याने आळशी झाले आहे, असे होऊ शकते. केवळ "औषध टाकले का?" हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. पीएच किती, हेही विचारावे लागते.

टीसीएलची ओळख गावाकडच्या वाचकांना नव्याने करून द्यायला नको. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याच्या टाकीत टाकतो तीच ही पावडर. ताज्या चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पोते फाटके असले, दमट खोलीत पडून राहिले, उन्हाने तापले की ते उडून जाते आणि उरतो तो चुना. पिण्याच्या पाण्यासाठी हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी तेवढी वापरायची असते. तलावाचा हिशेब मोठा आहे. २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात साडेचार लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे ४५ टँकर! त्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन आणायचे तर ताजी पावडर सुमारे १ किलो ३५० ग्रॅम लागेल. तीच पावडर २० टक्क्यांवर उतरलेली असेल तर सव्वादोन किलो. पाण्यात आधीच असलेली घाण जे क्लोरीन खाऊन टाकते, ते यात धरलेले नाही. पावडरीचा कस न पाहता "रोज दोन मग टाकतो" असे सांगणाऱ्या तलावाबद्दल काय समजायचे ते वाचकांनी ठरवावे.

शिवाय ऊन. उघड्या तलावातले साधे क्लोरीन कडक उन्हात तासाभरातच निम्म्यावर येऊ शकते. पहाटे सहाच्या बॅचसाठी टाकलेल्या औषधावर दुपारी चारची मुलांची बॅच पोहत असेल, तर ती नुसत्या पाण्यात पोहते आहे. म्हणून तपासणी दिवसातून अनेकदा व्हायला हवी. काही तलाव गोळ्या वापरतात, ट्रायक्लोरच्या. त्यात उन्हापासून क्लोरीन वाचवणारे सायन्युरिक अॅसिड असते. सोय चांगली आहे, पण हे अॅसिड उडून जात नाही. गोळीगणिक साठत जाते आणि फार साठले की क्लोरीनलाच मंद करते. ते कमी करण्याचा साधा उपाय म्हणजे थोडे पाणी काढून नवे भरणे. ज्या जिल्ह्यात पाथर्डी-पारनेरच्या वस्त्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथे कोणता तलावमालक हे वेळच्या वेळी करील? आणि त्याने ४५ टँकर पाणी ओतून द्यावे, असे आम्ही तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? म्हणूनच आमचे म्हणणे आहे की दुष्काळी जिल्ह्यात तलाव चालवायचा असेल तर तो शास्त्रानेच चालवावा. फिल्टर रोज चालला, क्लोरीन आणि पीएच जागेवर राहिले, तर तेच पाणी दीर्घकाळ वापरता येते. औषधात कंजूषी करणारा शेवटी पाण्याची उधळपट्टी करतो.

"आमच्याकडे केमिकल नाही, ओझोन आहे" अशी जाहिरात करणारेही आता निघाले आहेत. ओझोन किंवा अतिनील किरणे जंतू मारतात हे खरे. पण ती यंत्रातून जाणाऱ्या पाण्यापुरती. शेजारी पोहणाऱ्याने पाण्यात थुंकले तर त्याच जागी, त्याच क्षणी काम करणारे काहीतरी पाण्यात असावे लागते. सध्या तरी ते क्लोरीन किंवा त्याच्या जातकुळीतले रसायनच आहे.

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली मेंदूज्वर करणाऱ्या अमिबाने अनेकांचे बळी घेतले, त्या बातम्या वाचून बऱ्याच पालकांनी धास्ती घेतली. आजार दुर्मीळ आहे, पण बहुधा जीव घेणारा आहे. तो पाणी पिऊन होत नाही. नाकात पाणी शिरून होतो. कोमट, साचलेल्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात धोका असतो. म्हणजे पुन्हा त्याच दोन आकड्यांपाशी येतो आपण.

आता आमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे. हे औषध टाकतो कोण? तलावावर सकाळी पाचला येऊन जाळी फिरवणारा, फिल्टर उलटा धुणारा, पोते उचलणारा माणूस बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो आणि तो कोणत्या वस्तीतून येतो, ते आपण जाणतो. जिल्ह्यातील एका तलावाची पंपाची खोली आम्ही आतून पाहिली. जमिनीखाली, खिडकी नाही. एका कोपऱ्यात टीसीएलची पोती आणि त्यांना टेकून अॅसिडचे कॅन. काम करणाऱ्या मुलाच्या तोंडाला रुमाल, हातात काही नाही. बोटांची कातडी सोललेली. "सवय झाली," म्हणाला.

या गोष्टीची सवय होत नसते. टीसीएल किंवा हायपोवर अॅसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून खाली साचतो, आणि तळघरातल्या पंपाच्या खोलीला तर तो काठोकाठ भरतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि टीसीएलसारखी पावडर एका भांड्यात मिसळली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांसह तिथल्या माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. एवढ्या मोठ्या महापालिकेच्या तलावावर हे घडते, तर तालुक्याच्या गावातल्या खोलीत काय होईल?

रुमालाने क्लोरीन अडत नाही. त्यासाठी वायू शोषणारा डबा असलेला मास्क लागतो. हातमोजे रबरी आणि चष्मा डोळे पूर्ण झाकणारा हवा. पावडर आणि अॅसिड वेगवेगळ्या खोल्यांत हवीत, आणि दोन्हींचे माप वेगळे. औषध नेहमी पाण्यात टाकायचे. औषधावर पाणी ओतायचे नाही. पोहणारे पाण्यात असताना काहीच टाकायचे नाही. अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवायचे. वायू सुटला तर उंच आणि मोकळ्या जागी जायचे, खाली बसायचे नाही, आणि बरे वाटले तरी दवाखाना गाठायचाच, कारण फुफ्फुसाला सूज कधीकधी काही तासांनी येते. हे सगळे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. आपल्या घरातले कोणी अशा कामावर असेल तर हा परिच्छेद त्याला वाचून दाखवा, आणि कंत्राटदाराकडे साधनांची मागणी तोंडी न करता लेखी करा.

तलावावर गेल्यावर काय करायचे? तिकिटाच्या खिडकीशी फळा शोधा. त्यावर तारीख, वेळ, मुक्त क्लोरीन आणि पीएच लिहिलेले असावे. नसेल तर विचारा. सांगता आले नाही तर आपल्यासमोर तपासायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे. तपासणीचीही एक मेख आहे. ओटीच्या थेंबांनी पाणी पिवळे करून दाखवतात, पण त्यात सगळे क्लोरीन एकत्र दिसते, घाणीशी जोडले गेलेलेसुद्धा. डीपीडीच्या गोळीने पाणी गुलाबी होते आणि मुक्त क्लोरीन वेगळे कळते. तलावावर डीपीडीच हवी. सुरुवातीला कपाळाला आठ्या पडतील. चार पालकांनी चार दिवस विचारले की फळा लागेल.

तलाव नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा असेल तर आणखी एक रस्ता आहे. माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. मागच्या तीन महिन्यांच्या क्लोरीन-पीएच नोंदवहीच्या प्रती मागा. खरेदी केलेल्या टीसीएल, हायपो किंवा गोळ्यांची बिले मागा. प्रयोगशाळेतून पाण्याची जंतुतपासणी केव्हा केली आणि तिचा अहवाल काय आला, ते मागा. कंत्राटी कामगारांना मास्क आणि हातमोजे केव्हा दिले, त्याच्या पोहोच पावत्याही मागा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. मार्चच्या शेवटी अर्ज दिला तर उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत कागद हातात येतात.